वळवाचं वादळ मुंबईत आधी कसं ओळखायचं?

मानसी_डोंबिवली:
मी रोज डोंबिवली-घाटकोपर करते, पुढे रिक्षा. मे आला की २०२४ ची १३ तारीख आठवते, दुपारीच अंधारून आलं, धुळीत समोरची बिल्डिंग दिसेना, आणि घाटकोपरच्या छेडानगरला ते होर्डिंग पेट्रोल पंपावर पडून १७ माणसं गेली. ठाणे-मुलुंडच्या मधे खांब वाकला म्हणून लोकल पण बंद. पावसाचं आपल्याला सगळं कळतं, भरती कधी, हिंदमाताला पाणी आहे का, पण हे वारं येतं कुठून? अर्धा तास आधी कळायची काही सोय आहे का? आणि रस्त्यात गाठलंच तर थांबायचं कुठे?

ढगवेडा:
दुपारी कर्जत, मुरबाड, बदलापूर साइडला जमीन तापते, समुद्रावरची दमट हवा तिथे वर चढते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. वरचं वारं पूर्वेकडून असेल तर तो ढग ठाणे-मुंबईकडे सरकतो. बऱ्याचदा मुंबईला पोचायच्या आधीच विरून जातो, म्हणून इथल्या लोकांना याची सवय नाही. आता मुख्य गोष्ट, ढगातला पाऊस खाली येताना आजूबाजूची हवा गार करतो, ती जड होऊन जोरात खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तेच वारं धूळ उडवत पावसाच्या पुढे धावतं. त्यामुळे थेंब पडल्यावर आडोसा शोधायचा म्हणजे उशीर झाला. उकडत असताना एकदम गार वारं सुटलं आणि पूर्वेला काळं दिसलं की लगेच पक्क्या इमारतीत शिरा, हातात काही मिनिटंच असतात.

पश्या_ठाणे:
हवामान खात्याचा नाऊकास्ट बघत जा, पुढच्या तीन तासांचा अंदाज असतो. तुम्ही मुंबईत असलात तरी ठाणे जिल्ह्याचा पण बघा कारण वादळ तिकडूनच येतं. रडारचं चित्र पण साइटवर असतं, मुंबईत कुलाबा आणि वेरावली अशी दोन रडार आहेत. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलंय.

मानसी_डोंबिवली:
दामिनी टाकलं आत्ताच. ठाण्याचा इशारा बघायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू!

साइट_इंजिनिअर:
थांबायचं कुठे त्याचं सांगतो. झाड, होर्डिंग, पत्र्याची शेड, परांची, पेट्रोल पंपाचं छत, यातलं काहीच नको. स्टेशनवर असाल तर तिथेच थांबा, बाहेर पडायची घाई नको. लोकल मधेच थांबली तर रुळांवर उड्या मारू नका, तुटलेली वायर कुठे लोंबकळत असेल सांगता येत नाही.

पण सगळी जबाबदारी चालणाऱ्या माणसावर टाकणं मला अजिबात पटत नाही. घाटकोपरचं होर्डिंग १२० बाय १२० फूट होतं, महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. फळा मोठा तेवढा वाऱ्याचा दाब जास्त, आणि एवढा दाब पायाला पेलायला हवा ना. खाली पेट्रोलच्या टाक्या, त्यामुळे गॅस कटर वापरायची पण भीती, माणसं बाहेर काढायला दिवस लागले. ढग कुणाच्या हातात नाही, पण लोखंड तर माणसांनीच उभं केलेलं. तुमच्या वॉर्डात असा अवाढव्य फलक दिसला तर फोटोसकट लेखी तक्रार करा, आणि एप्रिलमध्येच सोसायटीच्या गच्चीवरचे सुटे पत्रे, सोलर पॅनलचे नटबोल्ट तपासून घ्या.