किराणा दुकानातली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी काढावी की ठेवावी? (चर्चा; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

खडीसाखर
गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर ही पाटी असते. माझं मत आहे की ती काढावी, आणि नुसती काढून थांबू नये.

महिन्याचं वाणसामान ४,००० रुपयांचं भरणारं घर २५ रुपयांच्या किडक्या रव्यावरून दुसरीकडे जातं. जाताना सांगतही नाही. जो पुडी घेऊन परत येतो त्याला अजून आपल्याच दुकानात यायचं असतं, म्हणून तर तो येतो. अशा माणसासमोर पाटीकडे बोट दाखवलं की विषय संपला.

परतीची पद्धत अवघड नाही. आधी त्याचं पूर्ण ऐकून घ्या, मध्ये ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणू नका. पुडी काउंटरवर पांढऱ्या कागदावर ओता, दोघांनीही बघा. दोष दिसला तर ‘बदलून देऊ की पैसे देऊ?’ हे त्यालाच विचारा. मग वहीत एक ओळ लिहा : तारीख, वस्तू, कुठल्या गोणीतली, काय बिघडलं होतं. ही ओळ न लिहिणं हीच सगळ्यात मोठी चूक, कारण त्याच गोणीतून आणखी वीस जणांना माल गेलेला असतो.

गल्ल्यावरून
साफ विरोध. दुरून सगळं सोपं दिसतं, हिशेब मांडून बघा.

अर्धा किलो रवा २५ रुपयांना विकला तर सुटतात अडीच रुपये. एक पुडी परत घेतली की २२.५० गेले, म्हणजे नऊ पुड्यांचा नफा गेला. दिवसाला अशा दोन पुड्या आल्या तर रवा विकायचाच कशाला?

शिवाय दोष कोणाचा हे ठरवणार कोण? पुडी घरी उघडी राहिली, गॅसच्या कट्ट्याजवळ दमट जागी ठेवली, जुन्या पिठाच्या डब्यात ओतली, आणि किडे दिसले की दुकानदार वाईट. सणासाठी जास्त नेलेलं बेसन सण झाल्यावर ‘वास येतोय’ म्हणून परत येतं. पाटी असते म्हणून वाद तिथंच थांबतो. पाटी नसेल तर संध्याकाळी सात वाजता, दहा माणसं उभी असताना, एका पुडीवर दहा मिनिटं जातात.

चाळणी
दोष कोणाचा हे बऱ्याच वेळा ओळखता येतं. माल नीट बघायला हवा, एवढंच.

मूग, चवळी, हरभरा यांत भुंगा लागतो. त्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवते, ते साध्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. अळी दाण्याच्या आत वाढते आणि भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात. म्हणजे पाच दिवसांपूर्वी नेलेल्या मुगात गोल भोकं असतील तर कीड दुकानातूनच किंवा त्याच्याही आधीपासून आलेली आहे, गिऱ्हाइकाच्या डब्यात लागलेली नाही. तिथं वाद घालूच नये. दोन महिन्यांपूर्वी नेलेल्या मुगाबद्दल मात्र कोणीच ठामपणे सांगू शकत नाही.

तांदूळ-गव्हातल्या सोंडकिड्याची मादी दाणा कोरून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. दाणा बाहेरून धडधाकट दिसतो, त्यामुळे हातात घेऊन ‘चांगला होता की’ म्हणण्यात अर्थ नाही. रवा-मैद्यातल्या तांबड्या भुंगेऱ्याची अंडी चिकट असतात, त्यांना पीठच चिकटतं, म्हणून ती दिसत नाहीत.

आता मूळ कारण. बहुतेक दुकानांत डब्यात शेर-दीड शेर रवा उरलेला असतानाच वरून नवी गोणी ओततात. तळाचा माल कधीच संपत नाही, वर्षानुवर्षं तो तिथंच, आणि कीड त्याच तळात राहते. डबा पूर्ण रिकामा करायचा, कोपऱ्यातलं आणि झाकणाच्या कडेचं पीठ ब्रशनं काढायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं, उन्हात तापवायचा, मग भरायचा. उरलेला माल वेगळ्या डब्यात ठेवून आधी तो विकायचा. गोणीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहायची. जुलै ते सप्टेंबरमध्ये ५० किलोची गोणी न आणता २५ किलोचा कट्टा आणायचा, किलोमागे थोडा महाग पडला तरी. गोण्या भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवायच्या नाहीत; खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून वीतभर अंतर.

आणि परत आलेली पुडी तपासताना त्याच गोणीतून वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ काढून चाळा. तिथंही किडे निघाले तर प्रश्नच मिटला.

गल्ल्यावरून
कीड कशी लागते ते पटलं. डबा रिकामा करण्याचं तर शंभर टक्के पटलं. तरी संध्याकाळच्या गर्दीत हे चाळणं-बिळणं होणार नाही. त्यापेक्षा दुपारी २ ते ४ मध्ये अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या बांधून तारीख टाकून ठेवल्या की तारखेवरूनच निकाल लागतो, आणि काउंटरवरचा वेळही वाचतो.

माप बरोबर
थांबा, इथं एक मोठी गफलत होते. गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक वजनाची पुडी बांधून ठेवली की कायद्याच्या भाषेत ती आवेष्टित वस्तू होते. मग २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांप्रमाणे तिच्यावर मालाचं नाव, निव्वळ वजन, बांधणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापावं लागतं. पेनानं नुसती तारीख टाकून भागत नाही. लेबल छापणारा छोटा प्रिंटर असेल तर जरूर बांधा. नसेल तर समोर तोलून द्या.

तोलण्याबद्दलही लिहितो, कारण परतीपेक्षा जास्त कुरबुर वजनावर असते. इलेक्ट्रॉनिक काट्याचं पासिंग, म्हणजे सरकारी तपासणी, दर बारा महिन्यांनी करून घ्यावं लागतं, प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं. काट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडेही दिसला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मागचा डिस्प्ले बरणीनं झाकलेला असतो. ती बरणी हलवा, याला काहीच खर्च नाही. आणि कागदी पिशवी ठेवून टेअर (पिशवीचं वजन वजा करणारं बटण) दाबल्याशिवाय माल टाकू नका. पिशवी ८ ग्रॅमची आणि काजू ९०० रुपये किलो असतील तर पिशवीचेच ७ रुपये २० पैसे लागतात. हे गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं, बोलून मात्र दाखवत नाही.

वाणसामान
मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं लिहिते. पैसे परत मिळतात की नाही, याच्याही आधी चारचौघांत कसं बोललं जातं हे महत्त्वाचं असतं. ‘काकू, तुम्ही नीट ठेवला नसेल’ हे वाक्य रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं. त्याऐवजी ‘दाखवा बघू, कधी नेला होता?’ एवढं विचारलं तरी पुरे. उत्तरात तारीख आपोआप येते आणि कोणी खोटं ठरत नाही.

दुसरं, ऑनलाइन पेमेंट अडकलं की गिऱ्हाइकाला चोरासारखं उभं करतात. त्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट खरा की खोटा, यावर वाद नकोच. दुकानदारानं स्वतःच्या अॅपमधली जमा यादी उघडावी. पैसे आल्याचं सांगणारा स्पीकर कधी नेट नसल्यानं बोलत नाही, यादीत मात्र रक्कम आलेली असते. तिथंही नसेल तर व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक, नाव आणि रक्कम वहीत लिहून ओळखीच्या माणसाला जाऊ द्यावं. दुकानदाराकडे जमा झाल्याची खात्री आली नसेल तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप खात्यात परत जायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पैसे परत आले की तो माणूस देऊन जातो.

सुट्यांऐवजी चॉकलेट देणं बंद करा, यावर वेगळं काय लिहायचं! उरलेले दोन रुपये वहीत त्याच्या नावावर जमा मांडा. आणि दहाचं नाणं नाकारू नका. त्याची तेव्हाची सगळी, म्हणजे १४ प्रकारची नाणी चलनात वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

गल्ल्यावरून
नाण्यांचं मान्य. पण ‘ओळखीच्या माणसाला जाऊ द्यावं’ म्हणजे पुन्हा उधारीच. अनोळखी माणसानं २०० रुपयांचा माल घेतला, पैसे ‘पेंडिंग’ आहेत, तर?

वाणसामान
तर माल बाजूला ठेवायचा, त्याच्यासमोर पिशवीवर नाव लिहायचं आणि ‘पैसे आले की लगेच घेऊन जा’ म्हणायचं. पिशवी परत उलगडून बरण्यांत ओतायची नाही. तेवढ्यानंही अपमान टळतो.

एजन्सीची बाजू
पाकीटबंद मालाबद्दल दुकानदार उगाच घाबरतात. बिस्किटं, मसाले, नूडल्स यांत दोष निघाला किंवा पाकीट फुटकं निघालं तर बहुतेक एजन्सी क्रेडिट नोट देतात (म्हणजे तेवढी रक्कम पुढच्या बिलातून वजा करतात) किंवा माल बदलतात. मात्र बॅच नंबर दिसेल असं वेष्टण लागतं. दुकानदार चिडून ते कचऱ्यात टाकतो आणि पंधरा दिवसांनी सेल्समनशी भांडतो. परतीच्या मालासाठी एक खोका वेगळा ठेवा, वेष्टणासकट त्यात टाका, सेल्समन आला की पहिल्यांदा तो खोका, मग नवी ऑर्डर.

मुदत संपत आलेला माल वेळेत सांगितला तरच उचलला जातो. महिन्यातून एकदा फळ्या बघून पुढच्या दोन महिन्यांत संपणारी पाकिटं पुढे काढा आणि यादी करा. नवा माल मागे, जुना पुढे. पोऱ्या घाईत नवी पाकिटं पुढे खोचतो, तिथंच घोटाळा सुरू होतो. मागची पाकिटं दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कोणाला दिसत नाहीत.

सुट्ट्या मालाचं मात्र ‘गल्ल्यावरून’ यांचं बरोबर आहे, होलसेलर उघडलेली गोणी सहसा परत घेत नाही. तो तोटा दुकानदाराच्याच अंगावर येतो.

चाळणी
अंगावर येतो, पण किती? गोणी दुकानात आल्या दिवशीच, टेम्पो उभा असताना, टोचणीनं (गोणीत खुपसायच्या पोकळ नळीनं) तीन ठिकाणचा नमुना काढून चाळला तर तिथल्या तिथं परत देता येते. बहुतेक तोटा हा न बघता उतरवून घेतलेल्या मालाचा असतो. वहीत सहा महिने नोंदी ठेवल्या तर कुठल्या होलसेलरच्या गोणीतून परती जास्त येतात तेही कळेल, आणि भाव ठरवताना ती वही समोर ठेवता येईल.

खडीसाखर
पाटीच्या मूळ मुद्द्यावर येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, सदोष माल परत घ्यायला नकार देणं अनुचित व्यापारी प्रथांमध्ये घातलंय. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत. बिल न देणंही त्याच यादीत आहे. त्यामुळे पाटी असली तरी किडक्या मालापुरतं ती दुकानदाराला वाचवत नाही. ‘आवडलं नाही’, ‘जास्त झालं’ म्हणून आलेला चांगला माल घ्यावा अशी सक्ती तिथं नाही, आणि मीही तसं म्हणत नाही. सणानंतरचं बेसन खुशाल नाकारा, फक्त ते उघडून वास घेऊन मग नाकारा.

गल्ल्यावरून
मग माझी अडचण एवढीच उरते : सुट्ट्या रव्या-मैद्याला ३० दिवस फार होतात, तेही पावसाळ्यात. पाटी बदलायला तयार आहे. ‘सुट्टा माल ८ दिवसांत, बिल दाखवून, खराब असल्यास बदलून मिळेल’ असं लिहीन.

माप बरोबर
मुदत भिंतीवर लिहून उपयोग नाही, ती बिलावर हवी; कायद्यात शब्द बिलाचा आहे. रबरी शिक्का करून घ्या आणि बिलबुकाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी मारा.

वाणसामान
आठ दिवस कमी पडतात. महिन्याचं सामान एकदम भरणारं घर दुसऱ्या आठवड्यात मुगाची पुडी उघडतं. वर ‘चाळणी’ यांनी भुंग्याला तीन-चार आठवडे सांगितलेत, मग कडधान्याला निदान २१ दिवस ठेवा, रव्या-मैद्याला हवे तर १०.

गल्ल्यावरून
कडधान्याला २१ चालतील. रव्याला ८ वरून १० करतो, पण बिल आणि पुडी दोन्ही आणायची. एका शिक्क्यात दोन ओळी बसतात का, तेवढं विचारून घेतो.