लातूरच्या आधी ओपीडी दाखवा

मुलीला डॉक्टर करायचंय, 'नीट'ची (एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेची) तयारी कशी करावी, या प्रश्नावर वर दोघातिघांनी तिला अकरावीपासूनच क्लासेससाठी लातूरला ठेवा म्हटलंय. ठेवा की, पण त्याआधी तिला एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत (बाह्यरुग्ण विभागात) सकाळभर बसू द्या. केसपेपरची रांग, ड्रेसिंगचा वास, नातेवाइकांची हुज्जत. 'बायोलॉजी आवडतं' याचा कस तिथे लागतो. नातेवाईक 'आमची डॉक्टरीणबाई' म्हणायला लागले की पोरीला माघार घेणं अवघड जातं. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप आणि पीजीला (पदव्युत्तरला) पुन्हा 'नीट' परीक्षा. दुसऱ्याच्या हौसेवर एवढं निभत नाही.

तयारीचं म्हणाल तर 'नीट'च्या ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. त्याला एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं ओळ न् ओळ वाचायची, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. गाडी अडते ती फिजिक्सला. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४ आणि चुकलं की १ वजा. म्हणून बायोलॉजीचे ९० प्रश्न पाऊण-एक तासात उरकायची सवय हवी, म्हणजे फिजिक्सच्या गणितांना वेळ उरतो.

आणि हो, घरच्या टेस्टलाही ओएमआर उत्तरपत्रिकेचे गोळे बॉलपेननेच रंगवू द्या. पेन्सिलीची सवय लागली की खोडायचा मोह होतो.