मदत हवी आहे: गेममधला शेवटचा बॉस मरतच नाही, रात्रीच्या आत सांगा

रात्रपाळी (धागाकर्ता)
सगळ्या वेव्ह (शत्रूंच्या लाटा) आरामात निघतात आणि शेवटी बॉस आला की आमची कत्तल. चौघं असतो, गोळ्या भरपूर असतात. त्याची हेल्थ बऱ्यापैकी खाली आणली की तो धूर सोडतो, काही दिसत नाही, आणि धूर विरला की पट्टी परत वर. मग एकेक करून सगळे गार. सर्व्हायव्हल मोड, लाँग गेम. दहा वेव्ह घासायच्या आणि शेवटी हे. यूट्यूबची लिंक देऊ नका, बघून झालंय. आज रात्री परत बसतोय.

वडापाव३०२
कुठला गेम?

ताकपिठ्या
आणि कुठला बॉस? आणि डिफिकल्टी? राव, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का?

रात्रपाळी
किलिंग फ्लोर २. दहा वेव्ह आणि बॉस म्हटल्यावर दुसरा कुठला असणार? बॉस तो बंदुकांवाला.

जुना_खेळिया
दहा वेव्ह वगैरे नंतरचं. सर्व्हायव्हल खेळावं ते लेफ्ट फोर डेड २ मध्ये. ४ मिनिटं टिकलात तर कांस्य, ७ ला रौप्य, १० ला सुवर्ण. दुकान नाही, पैसे नाहीत, बॉस मेला की घरी जा असंही नाही. टँक (तिथला धिप्पाड झाँबी) आला की अंगावर मोलोटोव्ह टाकायचा आणि पळत सुटायचं. चौघं आहातच, तोच घ्या. जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

वडापाव३०२
काका, त्याला गेम बदलायचा नाहीये, बॉस मारायचाय.

केशरी_काडतूस
बंदुकांवाला म्हणजे पेट्रिआर्क. सोपं आहे. मिनीगन फिरायला लागली की भिंतीआड. हेल्थ उतरली की तो अदृश्य होऊन पळतो आणि लांब जाऊन स्वतःला सुया टोचतो. तेव्हा सगळ्यांनी त्याच्या मागे धावायचं, सुई टोचतानाच झोडायचा. तुम्ही मागे जात नसणार, म्हणून पट्टी वर चढते.

रात्रपाळी
मागे कुठे जाऊ? तो पळत नाही, अंगावर येतो.

केशरी_काडतूस
मग तुम्हाला दिसत नसेल. तो अदृश्य असतो.

ताकपिठ्या
थांबा हो. रात्रपाळी, एका हातात मिनीगन की दोन हातांत दोन बंदुका? कोट घातलाय का? हिरवा गॅस सोडतो का?

रात्रपाळी
दोन बंदुका. लांब कोट, तोंडावर मास्क, लोखंडी नखं. गॅस सोडतो. हे सगळं लिहायला हवं होतं का?

ताकपिठ्या
हो! हा हान्स व्होल्टर. पेट्रिआर्कचे सगळे सल्ले रद्द. पेट्रिआर्क हील करायला तुमच्यापासून लांब जातो, हान्स तुमच्याकडे येतो, कारण त्याचं औषध तुम्हीच. हेल्थ ठरावीक खाली आली की तो पायाशी धूर टाकतो, भोवती शील्ड चढवतो आणि कुणाला तरी धरून त्याचं रक्त शोषतो. त्यावर पट्टी वर जाते. असं तो एकदा नाही, लढाईत पुन्हा पुन्हा करतो. धूर झाला की तुम्ही नक्की काय करता?

रात्रपाळी
पळतो. दुसरं काय करणार, दिसत काहीच नाही.

ताकपिठ्या
चौघं चार दिशांना?

रात्रपाळी
हो.

वडापाव३०२
मग त्याला एकट्या पडलेल्याची मेजवानीच की.

ताकपिठ्या
धूर झाला की दोन पावलं मागे, पण एकत्र. आणि चौघांनीही शील्डवर मारा. शील्डचा रंग बघा, तो बदलत जातो. लाल म्हणजे फुटायला आली. ती फुटली की त्याचं शिकार शोधणं थांबतं. सगळ्यात महत्त्वाचं, धूर होण्याच्या बेतात असताना चौघांच्या बंदुका रिकाम्या नकोत. हमखास हेच होतं, पट्टी खाली येते म्हणून सगळे खुशीत घोडा दाबून धरतात, आणि धूर पडतो त्या क्षणी चौघंही रीलोड करत उभे. पट्टी उतरायला लागली की दोघांनी हात आखडता घ्या, मॅगझिन भरून ठेवा. एखाद्याला धरलंच तर बाकीच्यांनी तिथेच त्याला झोडा, बघत बसू नका.

केशरी_काडतूस
एकत्र उभे राहिलात तर त्याचे ग्रेनेड एका जागी पडतील. चौघं एकदम. चुकीचा सल्ला.

ताकपिठ्या
एकत्र म्हणजे गळ्यात गळे घालून नाही. एकमेकांना गोळीच्या टप्प्यात दिसाल एवढं अंतर ठेवा. हिरवा ढग पडला की बाहेर पडा, ढगात उभं राहून नेम धरू नका.

केशरी_काडतूस
मी आजवर पसरूनच खेळलोय, आणि जिंकलोय.

वडापाव३०२
नॉर्मलवर?

केशरी_काडतूस
पर्सनल होऊ नका.

वडापाव३०२
रात्रपाळी, पर्क (कोण कुठल्या भूमिकेत) कुठले? मॅप? आणि डिफिकल्टी अजून सांगितलेली नाही.

रात्रपाळी
सुसायडल. दोन कमांडो, एक डेमो (स्फोटकंवाला), एक शार्पशूटर. परवा कॅटाकोम्ब्स होता.

वडापाव३०२
मेडिक नाही?!

रात्रपाळी
कोणी व्हायला तयार नाही.

आवळासुपारी
मग निदान एकाने मेडिकचं पिस्तूल घ्या, स्वस्त आहे आणि कुठलाही पर्क असला तरी विकत मिळतं. लांबून डार्ट मारून दुसऱ्याला हील करता येतं. ते नसेल तर स्वतःची सुई दुसऱ्याला टोचा. स्वतःला टोचण्यापेक्षा दुसऱ्याला टोचली की ती लवकर भरते आणि वर डोश (गेममधले पैसे) मिळतो. हे लोकांना सांगून सांगून थकले.

आणखी एक. शेवटच्या ट्रेडरला (वेव्हच्या मधल्या दुकानात) डोश उरवून काय करता? बॉस मेला की गेम संपतो, ते काही घरी न्यायचे नाहीत. आर्मर पूर्ण भरा, ग्रेनेड भरा. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने खाली टाकावेत, पण ज्याला द्यायचे त्याच्या पायाशीच. रँडम लॉबीत मी डेमोसाठी नोटा टाकल्या आणि मधून धावत आलेल्या एका फायरबगने (आगवाल्या पर्कच्या खेळाडूने) सगळ्या उचलल्या. थँक्यूसुद्धा नाही.

ताकपिठ्या
डेमोला सांगा, आरपीजी अगदी जवळून मारलं तर रॉकेट फुटतच नाही, त्याला थोडं अंतर लागतं. हान्स अंगावर आल्यावर आरपीजी काढणारे डेमो मी पाहिलेत. आणि अरुंद बोळात खेळू नका. कॅटाकोम्ब्सच्या बोळात मागे सरकायला जागा नसते, बॉसच्या आधी गोल फिरता येईल अशी मोकळी जागा हेरून ठेवा. दारं वेल्ड करून आत बसण्यात अर्थ नाही.

ऑप्टिकल_फायबर
पिंग किती येतो? फाइव्ह जी की ब्रॉडबँड? राउटर हॉलमध्ये आणि तुम्ही बेडरूममध्ये असाल तर लॅन केबल टाकाच.

रात्रपाळी
पिंग ठीक आहे. पिंगचं विचारलंच नाही.

ऑप्टिकल_फायबर
सगळे असंच म्हणतात.

जुना_खेळिया
पहिल्या किलिंग फ्लोरमध्ये ही भानगड नव्हती, पेट्रिआर्क एकटा. आधी तो अनरियल टुर्नामेंट २००४ चा मॉड होता, २००९ मध्ये विकायला आला. हा पेट्रिआर्क म्हणजे हॉर्झिन कंपनीचा प्रमुख, आणि दुसऱ्या भागातली मेट्रिआर्क म्हणजे त्याची मुलगी. घराणेशाही तिथेही आहे.

आवळासुपारी
काका, राजकारणाचा धागा वेगळा आहे.

रात्रपाळी
शील्ड दोनदा फुटली. तिसऱ्यांदा आम्ही दोघंच उरलो होतो, शार्पशूटरला त्याने धरलं. मेलेले परत का येत नाहीत?

ताकपिठ्या
मेलेला पुढच्या वेव्हला उठतो. बॉसनंतर वेव्हच नाही, मग उठणार कुठून? म्हणून शेवटी हिरोगिरी नको. दोघं मेले कशाने?

रात्रपाळी
एक गॅसमध्ये. दुसरा मागून आलेल्या किरकोळ झेडांनी (साध्या राक्षसांनी). बॉस चालू असताना ते येतच राहतात.

आवळासुपारी
एका कमांडोला तेवढंच काम द्या, पाठ सांभाळायची. त्याने बॉसकडे बघायचंच नाही. आणि दुसऱ्या कमांडोला मेडिक करा.

रात्रपाळी
दुसरा कमांडो मी आहे.

वडापाव३०२
अभिनंदन, डॉक्टर.

केशरी_काडतूस
मी येऊ का पाचवा? डेमो चांगला खेळतो.

ताकपिठ्या
माणसं वाढली की बॉसची हेल्थही वाढते. मेडिक म्हणून येत असाल तर या.

केशरी_काडतूस
मेडिक नाही.