मदत हवी आहे: पाच दारांची, लहान, डिझेल फोर बाय फोर गाडी नवी मिळतच नाही, तीन पर्यायांपैकी कोणता घ्यावा?

नमस्कार.

मी कोथरूडला राहतो आणि आमची वडिलोपार्जित साडेतीन एकर भातशेती वेल्ह्याच्या पुढे आहे. नसरापूरमार्गे वेल्ह्यापर्यंतचा साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता डांबरी असल्यामुळे त्याची चिंता नाही. अडचण आहे ती फाट्यापासून खाचरांपर्यंतच्या शेवटच्या अडीच किलोमीटरची. त्यात एक ओढा आहे, ओढ्यानंतर लगेच डावीकडे वळणारा तांबड्या मातीचा चढ आहे, आणि आषाढात त्या चढावर बैलसुद्धा पाय रोवून, अंदाज घेत चालतो. गाडीत साधारणपणे मी, माझे एकोणऐंशी वर्षांचे वडील आणि लावणीच्या दिवसांत युरियाची सहा पोती, म्हणजे पंचेचाळीस किलोच्या हिशेबाने पावणेतीन क्विंटलला थोडे कमी, एवढा भार असतो.

आतापर्यंत हे काम २०१० सालच्या, अडीच लिटर डिझेल इंजिनाच्या पाच दारी जीपने निमूटपणे केले. पंधरा वर्षे झाल्यावर तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवूनही घेतली. गेल्या महिन्यात मात्र मिस्त्रींनी गाडी वर घेतली, मागच्या पाट्याच्या हँगरजवळ चासीला पेचकस टेकवला, आणि तो फारसा जोर न लावता मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी काही न बोलता पेचकस पुसून खिशात ठेवला. तेव्हापासून मी नवी गाडी शोधत आहे आणि हा धागा त्या शोधाच्या वैतागातून काढला आहे.

माझी गरज अगदी मोजकी आहे. वडिलांचे गुडघे गेलेले असल्यामुळे मागच्या आसनासाठी स्वतंत्र दार हवे. आमची इमारत जुनी आहे आणि पार्किंगमधली तुळई जमिनीपासून जेमतेम साडेसहा फुटांवर आहे, म्हणून गाडी बुटकी हवी. खाचरांजवळ दोन्ही बाजूंना बांध असल्यामुळे ती फार रुंद किंवा लांब असून चालत नाही. फोर बाय फोर हवी, त्यातही लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीने ओढणारे जादा गिअर, असलेली. इंजिन डिझेलचे हवे. आणि पासिंग, विमा सगळे धरून पंधरा लाखांच्या आसपास बसायला हवी.

डिझेलचाच हट्ट का, असे शोरूममधल्या मुलाने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता हायब्रिडचे माहितीपत्रक माझ्या हातात ठेवले. त्याला जे सांगता आले नाही ते इथे लिहितो. गेल्या जुलैत माझ्या मित्राने त्याची पेट्रोल फोर बाय फोर त्याच चढावर आणली होती. गाडी चढली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांच्या वर ठेवावा लागला, जरा पाय सैल केला की इंजिन गुदमरायचे, म्हणून तो पुन्हा हाफ क्लचवर यायचा, आणि वर पोहोचेपर्यंत क्लचचा जळका वास आत भरला होता. पाठोपाठ मी माझी म्हातारी जीप लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, क्लच पूर्ण सोडला, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि ती केवळ आयडलिंगवर, एकेक दगड चाचपत वर आली. उतरताना तर फरक आणखी जाणवतो, कारण माझ्या जीपमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवते आणि चिखलात ब्रेकला हात लावावा लागत नाही. (पायच म्हणायला हवे, पण आमच्या गावी ब्रेकलाही हातच लावतात.)

आता बाजारात काय मिळते ते पाहू. थारमध्ये २.२ लिटर डिझेलसह फोर बाय फोर मिळते, पण दारे तीनच. मागे बसायला पुढचे आसन दुमडून आत शिरावे लागते आणि ते वडिलांना या जन्मी जमणार नाही. तिचेच दीड लिटर डिझेल इंजिन घ्यावे, तर ताकद फक्त मागच्या चाकांना. थार रॉक्सला पाच दारे आहेत आणि डिझेल फोर बाय फोरही आहे, पण लांबी जवळजवळ साडेचार मीटर आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेर. फोर्सची गुरखा मनापासून आवडली. पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक, मर्सिडीजच्या वंशातले २.६ लिटर डिझेल इंजिन, पाच दारांचे रूपही उपलब्ध. परंतु उंची दोन मीटरहून अधिक असल्यामुळे ती आमच्या तुळईखाली शिरतच नाही, आणि एका गाडीसाठी सोसायटी तुळई कापू देणार नाही. उरली मारुती सुझुकीची जिम्नी. पाच दारे, चार मीटरच्या आत, बाराशे किलोंच्या आसपास वजन, लो रेंज. मापे पाहिली तर माझ्यासाठीच शिवलेला सदरा वाटावा. पण इंजिन एकच, १४६२ सीसीचे पेट्रोल, आणि त्याचा १३४ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, मिळतो तो मिनिटाला ४००० फेऱ्यांवर.

माझा खरा वैताग इथून सुरू होतो. त्याच कंपनीने २०१९ साली स्वतः घडवलेले दीड लिटरचे, १४९८ सीसी डिझेल इंजिन सियाझमध्ये आणि पुढे अर्टिगात दिले होते. ते १५०० फेऱ्यांपासून २२५ न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले, कंपनीने डिझेलमधून पूर्णपणे अंग काढून घेतले आणि ते इंजिन वर्षभरातच बंद पडले. जिम्नी आपल्याकडे आली २०२३ च्या जूनमध्ये. म्हणजे गाडी आणि इंजिन एकाच घरात जन्माला आली, पण त्यांची गाठ पडली नाही. आधीच्या पिढीची जिम्नी मात्र युरोपात रेनॉच्या दीड लिटर डिझेल इंजिनासह विकली जात होती, त्यामुळे ‘या गाडीत डिझेल बसत नाही’ हे कारण मला पटत नाही.

करांचे गणित पाहिले तर आणखी चिडचिड होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील गाड्यांना पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर अठरा टक्के जीएसटी लागतो, त्यापुढे चाळीस. जिम्नीचे पेट्रोल इंजिन बाराशेच्या वर असल्यामुळे तिला चाळीस टक्के. तिथे ते १४९८ सीसीचे डिझेल असते तर अठरा टक्क्यांत बसले असते. महाराष्ट्रात डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त रस्ता कर भरावा लागतो हे धरूनही ग्राहकाचा मोठा फायदा झाला असता. इतकी सोय असूनही चार मीटरच्या आतली, दीड लिटर डिझेलची फोर बाय फोर आज कोणीही विकत नाही.

दुसरे उदाहरण तर पुण्याच्या दाराशीच आहे. रांजणगावच्या कारखान्यात जीप कंपनीची रँग्लर जोडली जाते ती फक्त दोन लिटर पेट्रोल इंजिनाची, आणि त्याच कारखान्यात बनणारे दोन लिटर डिझेल इंजिन त्याच कंपनीच्या कंपासमध्ये जाते. ती गाडी माझ्या आवाक्यातली नाही, हा भाग वेगळा. माझ्या खिडकीतून वेताळ टेकडीवरची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था दिसते, खाली कोथरूडमध्ये साठच्या दशकापासून कमिन्सची डिझेल इंजिने बनत आली, खडकीला किर्लोस्करांची. डिझेल इंजिनाचे एवढे माहेर असलेल्या शहरात मला हवी ती डिझेल गाडी मिळू नये, याची गंमत वाटते आणि रागही येतो.

कंपन्यांची बाजू मला समजत नाही असे नाही. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती बीएस-६ मध्ये ८० वर आली. काजळीची मर्यादा २५ वरून ४.५ मिलिग्रॅमवर. त्यासाठी लागणारा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आणि बाकीची यंत्रणा लहान गाडीला फारशी स्वस्तात पडत नाही, म्हणून तो खर्च वीस लाखांच्या गाडीत खपून जातो आणि दहा लाखांच्या गाडीत डोळ्यांवर येतो. शिवाय २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून स्वस्त इंधनासाठी डिझेल घेणारा ग्राहक कमी होत गेला. शहरातली हवा स्वच्छ राहावी, यालाही माझा विरोध नाही. पण ज्याला इंधनाच्या बचतीसाठी नव्हे, तर चिखलातल्या ओढीसाठी डिझेल हवे आहे, अशा माणसाचा विचार या हिशेबात कोणी केलेला दिसत नाही.

परदेशातून गाडी आणण्याचा विचारही करून झाला. पुतण्या दुबईत आहे, पण तिथल्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे, आणि आपल्याकडे वापरलेली गाडी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांपेक्षा जुनी नसलेलीच लागते. वर आयात शुल्क. हा विषय मी तिथेच मिटवला.

त्यामुळे माझ्यासमोर तीन वाटा उरतात. पहिली, पेट्रोलची पाच दारी घेऊन चालवण्याची सवय बदलणे. दुसरी, गुडगावच्या मामेभावाची २०१७ अखेरची, बीएस-४, २.२ लिटर डिझेल फोर बाय फोर घेणे. दिल्ली परिसरातल्या डिझेल गाड्यांवरच्या दहा वर्षांच्या मर्यादेची टांगती तलवार नको म्हणून तो ती आताच काढू पाहतो आहे. ती थोडी लांब आहे, पण तुळईखाली शिरते. तिसरी, माझ्याच जीपची चासी दुरुस्त करून नोंदणीची उरलेली वर्षे काढणे.

ज्यांनी भोर, वेल्हे, मुळशी या पट्ट्यात पावसाळ्यात भार घालून पेट्रोल फोर बाय फोर चालवली आहे, त्यांचा अनुभव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परराज्यातली डिझेल गाडी पुण्यात आणून एमएच १२ करून घेतलेल्या सदस्यांनीही कृपया लिहावे. ‘एसयूव्ही कशाला, ट्रॅक्टर घ्या’ हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

प्रतिसाद:

काका, मी मुळशीच्या बाजूला तीन पावसाळे पेट्रोलची पाच दारी चालवतो आहे, म्हणून लिहितो. तुमच्या मित्राने क्लच जाळला त्यात इंजिनापेक्षा पद्धतीचा दोष जास्त वाटतो. पेट्रोलला चढाच्या मध्यावर ताकद मागायची नसते. चढाला लागण्यापूर्वीच लो रेंजचा दुसरा गिअर टाकून, क्लच पूर्ण सोडून, एकसारखा वेग धरावा आणि वर जाईपर्यंत पाय हलवू नये. वजन कमी असल्यामुळे ती तुमच्या जीपपेक्षा कमी रुतते, हाही फायदा आहे. मात्र कंपनीतून आलेले टायर तांबड्या मातीत दहा मिनिटांत साबण होतात, त्यामुळे ऑल टेरेन टायरचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा. सहा पोत्यांनी चढल्याचा अनुभव मला नाही. तीन पोत्यांचा आहे.

गुडगावच्या गाडीबद्दल: नमुना २८ मधली एनओसी, म्हणजे तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, आणि कर्ज असल्यास बँकेचे पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, मग ते घरचे का असेनात. बारा महिन्यांच्या आत इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मामेभावाला तिकडेच मागावा लागेल. बीएस-४ असल्यामुळे त्या गाडीत बहुधा डीपीएफ नसेल, ही तुमच्यासाठी जमेची बाजू. नव्या डिझेल गाड्यांमध्ये डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी तो सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो, त्यासाठी जादा डिझेल सोडले जाते, आणि गाडी रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरली तर हे काम अर्धवट राहून ते जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते. वेल्ह्याची फेरी आठवड्यातून एकदा होत असेल तर नव्या गाडीलाही चालेल.

धागाकर्ता:

सविस्तर प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. क्लचबद्दलचे तुमचे म्हणणे मित्राला वाचून दाखवले. त्याने फोन ठेवला. तीन पोती आणि सहा पोती यांतला फरक मला नीट तपासायचा आहे, म्हणून तो पुढच्या रविवारी गाडी पुन्हा आणणार आहे आणि चिखल नसला तरी त्याच चढावर, भरलेल्या सहा पोत्यांसह, तुमच्या पद्धतीने दुसऱ्या गिअरमध्ये जाऊन पाहू. माती ओली नसल्याने परीक्षा अर्धीच होईल, पण इंजिन गुदमरते की नाही एवढे तरी कळेल.

मामेभावाकडे एनओसीची चौकशी केली. कर्ज फेडून चार वर्षे झाली, पण नोंदणी पुस्तकातून बँकेचे नाव काढायचे राहून गेले आहे, असे आज उघडकीला आले. तो ते काम या आठवड्यात सुरू करतो आहे. दरम्यान, भोसरी किंवा चाकणकडे चासीचा कुजलेला भाग कापून नवा तुकडा बसवणारे, आणि तसे केल्यावर नोंदणीला बाधा येणार नाही असे काम करणारे भरवशाचे गॅरेज कोणाला ठाऊक असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. मिस्त्रींनी जीप सध्या लाकडी ओंडक्यांवर ठेवली आहे आणि त्यांना ती जागा पाडव्याच्या आधी मोकळी हवी आहे.