व्हॉट्सअ‍ॅप चॅटचा पुरावा: जुनं ६५-ब की नवं कलम ६३?

नवी_सनद: वसुलीचा दावा मार्च २०२३ मध्ये दाखल झालाय, आता वादीचं पुराव्याचं शपथपत्र द्यायचंय. व्हॉट्सअ‍ॅप चॅटच्या ११ स्क्रीनशॉटचे प्रिंट दाव्यासोबतच लावलेत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं सर्टिफिकेट मात्र लावायचं राहिलं. समोरचे वकीलसाहेब म्हणतात, १ जुलै २०२४ पासून तज्ज्ञाच्या सहीचं दोन भागांचं सर्टिफिकेट लागतं आणि आता तीही वेळ गेली. खरं काय?

दिवाणी_बाजू: दोन्ही मुद्दे टिकत नाहीत. नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १७० बघा. १ जुलै २०२४ च्या आधीपासून प्रलंबित असलेल्या कामाला जुनाच कायदा लागू. म्हणजे तुम्हाला जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब(४) चं सर्टिफिकेट, एकाच सहीचं.

वेळेचं म्हणाल तर अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, १४ जुलै २०२०. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतलं प्रकरण. उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर घेतले का, हा वाद, आणि पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. अधिकारी वारंवार मागूनही सर्टिफिकेट देईनात. तिथे न्यायालयाने सर्टिफिकेटमधून सूट दिली, पण सर्टिफिकेटची अट सैल करणारा शफी मोहम्मद खटल्यातला २०१८ चा निर्णय मोडीत काढून अन्वर खटल्यातला २०१४ चा, सर्टिफिकेट हवंच असा कडक नियम कायम केला. सुनावणी संपेपर्यंत न्यायालय सर्टिफिकेट दाखल करू देऊ शकतं, हेही त्यातच आहे. पण सर्टिफिकेटच न देण्याची सूट दुसऱ्याच्या ताब्यातल्या यंत्रासाठी. फोन तुमच्या पक्षकाराचा, तेव्हा अडवलं कुणी? शपथपत्रासोबतच द्या, उलटतपासणीची वाट बघू नका.

हॅश_तपासनीस: नवे दावे करणाऱ्यांसाठी: नव्या अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात भाग ‘अ’ पक्षकाराचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. उपकरणाचा मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा) भरायची, हॅशचा अहवाल जोडायचा. हॅश काढायची एसएचए-२५६ ही पद्धत घेतलीत तर ६४ अक्षरांची माळ येते. ती हाताने उतरवू नका, एक अक्षर चुकलं की दोन्ही भाग जुळत नाहीत.

बिघडतं ते भलतीकडेच. पक्षकार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून वकिलाला पाठवतो, अ‍ॅप तो दाबून लहान करतं, आणि पेनड्राइव्हमधल्या फाइलचा हॅश फोनमधल्या मूळ फोटोशी जुळेनासा होतो. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, पण वर्डमध्ये उघडून सेव्ह केली की गेलाच. केबलने थेट कॉपी करा आणि हॅश त्याच बैठकीत काढा.

दिवाणी_बाजू: हॅशवर फार विसंबू नये, असं माझं मत. एक्स्पोर्ट केलेलं चॅट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये कुणीही दोन ओळी घुसडेल. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही एवढंच तो सांगतो, आधीचं काही नाही.

हॅश_तपासनीस: मान्य. म्हणून एक्स्पोर्ट झालं तरी मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ (मेसेज आपोआप पुसणारी सोय) बंद करा, निकालापर्यंत फोन विकू नका.

नवी_सनद: फोनच घेऊन साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं केलं तर?

दिवाणी_बाजू: चालतं. मालकाने स्वतः साक्षीत मूळ उपकरण सिद्ध केलं तर ६५-ब चं सर्टिफिकेट लागत नाही, खोतकर निकालातच आहे. फक्त फोन निशाणी झाला, म्हणजे पुरावा म्हणून नोंदला गेला, की कोर्टाच्या ताब्यात जातो, हे पक्षकाराला आधी सांगा.

आणि सर्टिफिकेटने कागद दाखल होतो, मजकूर सिद्ध होत नाही. तुमच्या स्क्रीनशॉटवर वर काय दिसतंय, नाव की नंबर? नाव असेल तर पहिलाच प्रश्न येणार: ‘हे नाव तुम्हीच सेव्ह केलंत ना?’ कॉन्टॅक्टचं पान उघडून नंबर दिसेल असा बारावा स्क्रीनशॉट घ्या, सर्टिफिकेटमध्ये त्याचाही उल्लेख करा. मग ‘पैसे मिळाले’ या मेसेजची तारीख बँकेच्या उताऱ्यातल्या नोंदीशी जुळवून शपथपत्रात एकाच परिच्छेदात मांडा.