कुणाचे तरी उतरलेले कपडे: तुमचे अनुभव लिहा

परवा ऑफिसात एकीने माझ्या कोटाचं कौतुक केलं आणि मी थँक्यू म्हणायच्या आतच "सेकंडहँड आहे!" असं सांगून मोकळी झाले, ते पण अशा थाटात की जणू मीच शिवलाय. जागेवर येऊन बसल्यावर लक्षात आलं की दहा वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी सरळ खोटं बोलले असते, बहिणीने दिला म्हणून. मग हे नक्की कधी बदललं माझ्यात, काही कळलं नाही. आणि मी एकटीच नाहीये, भाचीच्या वयाच्या मुली तर आधी जुन्यात शोधतात आणि तिथे नाहीच मिळालं तर नवीन बघतात.

म्हणून हा धागा. काय घेतलंत, कुठे फसलात, घेताना काय तपासता, घरचे काय म्हणाले, सगळं लिहा. घेत नसाल तर का नाही तेही लिहा. फक्त इथे स्वतःचं दुकान मांडू नका प्लीज.

माझ्यापासून सुरुवात करते. कोट लोकरीचा, गडद हिरवा, बाहेरून अगदीच साधा. मी प्रेमात पडले ती आतून बघून. अस्तर खालच्या कडेला मोकळं सोडलेलं, वरची शिलाई हाताची, आणि बाजूच्या शिवणीत चांगलं दोन बोटं कापड आत दाबून ठेवलेलं. म्हणजे अंगाने भरलात तर उसवून सैल करून घ्या, ही सोय शिवणाऱ्यानेच करून ठेवलीय! घरी येऊन माझं नवंकोरं जॅकेट उलटं करून पाहिलं तर कडेच्या ओव्हरलॉक शिलाईच्या पलीकडे सुतभर कापड नाही. कोटाच्या डाव्या खिशाचं तोंड कुणीतरी रफू केलंय, दोरा एक छटा फिकट आहे. आधी ठरवलं होतं की दुसरा दोरा आणून परत करू, पण काम इतकं बारीक आहे की उसवायला हात होईना, तसंच वापरते.

* * *

मस्त धागा ताई. पुरुषांच्या बाजूने मी लिहितो कारण आमच्यात घेतात बरेच जण पण कबूल कुणी करत नाही.

मी फक्त जीन्स घेतो जुन्या. कारण साधं आहे, आटायची तेवढी आटून झालेली असते, रंग जायचा तेवढा जाऊन झालेला असतो, म्हणजे आज जी फिट बसली ती पुढच्या महिन्यात पण तशीच बसणार. नव्या पँटीत ही गॅरंटी कोण देतं? फक्त एक बघायचं, कापडात स्ट्रेच किती आहे. लेबलवर इलॅस्टेन किंवा स्पॅन्डेक्स लिहिलेलं असेल तर गुडघ्याजवळ दोन्ही हातांनी ताणून सोडून द्या. लगेच जागेवर आलं तर ठीक, पोक आल्यासारखं लोंबत राहिलं तर आतलं रबर मेलंय, ते कुठल्याही धुण्याने जिवंत होत नाही. पूर्ण सुती असेल तर ही भानगडच नाही. आणि मांडीच्या आतल्या बाजूला उजेड दिसतो का ते बघा, पँट नेहमी तिथूनच जाते. मी पहिल्या दोन पँटी मागचे खिसे बघून घेतल्या, दोन्ही मांडीत गेल्या, त्यातली एक ऐन मीटिंगमध्ये. पुढचं लिहीत नाही.

* * *

बाळाच्या कपड्यांसाठी तर दोन्ही हात वर करून अनुमोदन. पहिल्या वर्षात इतक्या भराभर मापं बदलतात की काही झबली दोनदा घालून झाली आणि संपली. मला ऑफिसमधल्या एकीने दोन पिशव्या भरून दिले, त्यातले निम्मे नव्यासारखेच. सासूबाई आधी जरा नाराज होत्या, पहिलं बाळ आणि जुने कपडे, मग एकदा त्यांनीच नवीन आणि जुनं दोन्ही गालाला लावून पाहिलं आणि गुपचूप जुनं उचललं. पन्नास वेळा धुतलेल्या सुती कापडाचा मऊपणा विकत मिळत नाही हो. शिवाय सुरकुती पडू नये म्हणून नव्या कपड्यांवर जी प्रक्रिया करतात त्यात फॉर्माल्डिहाइड नावाच्या, त्वचेला त्रास देऊ शकणाऱ्या रसायनाची रेझिन्स असतात, धुवून धुवून ते बरंचसं निघून गेलेलं असतं.

पण एक फार महत्त्वाचं, जुन्या टोपीवाल्या जॅकेटांच्या गळ्यातली नाडी काढून टाका. खेळताना घसरगुंडीत, दारात अडकून गळ्याला फास बसलाय मुलांच्या. अमेरिकेत १९९६ साली यासाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, त्यामुळे त्याआधीचं काही घरात जपून ठेवलेलं असेल तर नक्की बघा. बटणं पण ओढून बघा सगळी.

* * *

मी फसलेल्यांची बाजू मांडते.

ऑनलाइन घेतला होता ब्लाऊज, फोटोत सुंदर, खाली लिहिलेलं "एकदाच घातलाय". पार्सल उघडलं आणि घरभर कुबट वास. काखेत पिवळे कडक डाग, आणि ते अशा खुबीने फोटो काढलेले की हात खालीच. विचारलं तर म्हणे आमच्याकडे असताना वास नव्हता. तीन वेळा धुतलं, उन्हात टाकलं, व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं, वास जायचा आणि अंगात घालून दहा मिनिटं झाली की परत हजर. नंतर कळलं की पॉलिस्टरचं हे असंच असतं, त्या तंतूला पाणी नको असतं पण अंगाचं तेल मात्र तो धरून बसतो आणि तेलाबरोबर वास. सुती कापड त्या मानाने सोडून देतं. काखेतला पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो, डिओतलं अॅल्युमिनियम आणि घाम मिळून ते होतं.

तेव्हापासून ऑनलाइन घेताना मी तीनच गोष्टी मागते: काखेचा फोटो, कॉलरच्या आतला फोटो, आणि कपडा उलटा करून एक फोटो. जे द्यायला कां कूं करतात तिथे मी थांबते. रेशीम तर हातात घेऊन उजेडासमोर धरल्याशिवाय घेतच नाही, घडीच्या रेषेवर विरलेलं असेल तर बाहेरून कळत नाही आणि पहिल्यांदा वाकलात की टर्रर.

* * *

मला सगळ्यांचं वाचून छान वाटतंय पण थोडं वेगळं लिहू का.

मी लहानपणी दुसऱ्यांचेच कपडे घातले. आवड म्हणून नाही, नव्हतेच. आई जिथे कामाला जायची तिथल्या मुलीचे यायचे. चौथीत असताना एक निळा फ्रॉक घालून गेले शाळेत, पांढरी कॉलर होती त्याला, मला फार आवडायचा. मधल्या सुट्टीत ती मुलगीच समोर आली, दुसऱ्या तुकडीत होती, आणि तिने कॉलर धरून आतली बाजू बघितली. तिच्या आईने तिथे लाल दोऱ्याने तिचं अक्षर काढलं होतं. ती काही वाईट बोलली नाही हां, नुसतं "हा माझाच आहे, बघ" म्हणाली आणि खेळायला गेली. घरी येऊन मी ते अक्षर ब्लेडने खरवडून काढलं तर कॉलरला भोक पडलं, त्याबद्दल मार पण खाल्ला.

आता पगार आहे, कपाट भरलेलं आहे. तुम्ही याला छान छान नावं देता, प्रीलव्हड वगैरे, चांगलंय, खरंच चांगलंय. पण ज्यांच्याकडे नवीन घ्यायची ऐपत असते त्यांनाच जुनं मिरवता येतं असं मला वाटतं. मी अजून नाही घेत. दुकानात गेले मैत्रिणीबरोबर दोनदा, पण पहिला हात कॉलरच्या आतच जातो.

* * *

वरचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. धागाकर्तीने थाटात सांगितलं असं लिहिलंय त्याची ही दुसरी बाजू.

मी दोन वर्षं शनिवारी एका संस्थेच्या दुकानात कपडे निवडायला जाते, फुकट काम. पिशव्या टेबलावर उलट्या करायच्या, प्रत्येक कपडा झटकायचा, चेन खालीवर करायची, खिशात हात घालायचा (रुमाल, चिल्लर, एकदा दात, दुधाचा असावा अशी आशा), आणि तीन ढीग. विकण्यासारखं, चिंध्या, आणि बाकीचं. एक ओला टॉवेल कुणी तळाशी टाकलेला असला की सगळी पिशवी बुरशीला गेली. लोकांना वाटतं दान केलं म्हणजे कुणीतरी घालणार. प्रत्यक्षात पातळ, गोळे आलेले, शिवण तिरकी झालेले टॉप इतके येतात की फुकट पण कुणी घेत नाही.

ते "बाकीचं" गठ्ठे बांधून जहाजाने जातं. घानाची राजधानी अक्रा इथे कांतामांतो नावाचा जुन्या कपड्यांचा प्रचंड मोठा बाजार आहे. तिथले लोक या कपड्यांना "ओब्रोनी वावू" म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. जिवंत माणूस इतके चांगले कपडे टाकून कशाला देईल, असा पूर्वीचा हिशोब. आता गठ्ठ्यात चांगलं कमी आणि कचरा जास्त निघतो, आणि गठ्ठा न उघडता घ्यावा लागतो, त्यामुळे तोटा त्या विकणाऱ्या बायकांचा. २०२५ च्या जानेवारीत सुरुवातीलाच तिथे मोठी आग लागून बाजार बराचसा जळाला. त्याच वर्षापासून युरोपियन युनियनच्या देशांना जुने कापड वेगळं गोळा करणं बंधनकारक झालं, म्हणजे गोळा तर अजून जास्त होणार, घालणार कोण? म्हणून माझं म्हणणं एवढंच की दुकानातून निदान घेत तरी जा, नुसत्या पिशव्या आणून टाकू नका. आणि धुवून आणा हो.

* * *

मी कबुलीजबाब देते मग. जुने कपडे विकायचं व्हिंटेड म्हणून जे ॲप आहे ते म्हणे २००८ साली लिथुआनियात निघालं ते एका मुलीला घर बदलताना कपडे जास्त झाले म्हणून. माझं बरोब्बर उलटं झालं, जुनं घ्यायला लागल्यापासून मला घर बदलावं लागेल.

पर्यावरण वगैरे मनात होतंच, एका सुती टीशर्टला कापसापासून धरून २७०० लिटर पाणी लागतं हे वाचल्यापासून नवीन घ्यायची लाज वाटायला लागली. पण जुन्याला लाज नाही ना, स्वस्त पण आहे, एकच पीस आहे, आत्ता नाही घेतलं तर दुसरी नेईल, असं करत करत रात्री झोपताना फोनवर बघत बघत वर्षभरात चाळीसच्या वर कपडे आले. त्यातले अकरा अंगाला लागलेच नाहीत. नवऱ्याने काही म्हटलं की मी पाण्याचा हिशोब सांगायचे. एक दिवस तो म्हणाला, न घेतलेल्या शर्टाला किती पाणी लागतं गं? राग आला पण उत्तर सुचलं नाही.

आता एकच नियम, जे घेणार ते कपाटातल्या कुठल्या तीन कपड्यांवर घालणार हे आधी सांगता आलं पाहिजे. अर्ध्या वेळा नाही सांगता येत.

* * *

मापाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. लेबलवरचा आकडा विसरा. त्याच नंबरचे बायकांचे कपडे गेल्या काही दशकांत सरकत सरकत मोठे झालेत, म्हणजे आजचं दहा नंबर आणि पन्नास वर्षांपूर्वीचं दहा नंबर यात दोन माणसांचा फरक. स्वतःचा नीट बसणारा कपडा सपाट अंथरून मोजायचा, काखेपासून काखेपर्यंत, खांदा, उंची, आणि तेच आकडे विकणाऱ्याला विचारायचे. कंबर सैल असेल तर शिंपी आत घेईल. खांदा मोठा असेल तर सोडून द्या, त्यात हात घालणारा शिंपी शोधण्यात कोट परत जुना होईल.

आणि वय ओळखायला, अमेरिकेत विकलेला कपडा असेल तर धुण्याच्या सूचनांचं कायमचं लेबल १९७२ पासून सक्तीचं आहे. लेबल कापलेलं नसेल आणि तरी सूचना नसतील तर बहुतेक त्याआधीचा. असे एक दोन सापडले की मग व्यसन लागतं, आधीच सांगून ठेवतो.

* * *

किड्यांचं पण लिहा कुणीतरी! लोकरीचं काही आणलं की मी आधी पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाकते, उणे १८ अंशाला निदान दोन आठवडे. कसर, ढेकूण सगळ्यालाच चालतं. आमच्याकडे आईस्क्रीमच्या शेजारी स्वेटर असतो, पाहुणे काय म्हणतात ते विचारू नका.

* * *

मी विकणारी आहे, घेणारी नाही, चालेल का?

आईचे कपडे होते, ती गेल्यावर दीड वर्ष कपाट उघडलं नव्हतं. मग हळूहळू एकेक काढून फोटो टाकायला लागले. राखाडी कार्डिगन एकीने घेतलं, पोचल्यावर मेसेज आला की छान आहे, वरून तिसरं बटण थोडं वेगळं दिसतंय, मूळचं आहे का तुमच्याकडे? मी आईचा बटणांचा डबा पालथा केला. सापडलं. आईने ते कधीतरी कापून ठेवलं असणार, दोरा अजून अडकलाय त्यात. कळवलं तिला, ती म्हणाली पत्ता आहेच तुमच्याकडे, पाकिटात टाकून द्या.

पाकीट लिहून ठेवलंय, तीन आठवडे झाले.