तरोटा आणि टाकळा : शब्द दोन, झाडे किती?

भाषांतरकार
नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पावसाळी वनस्पतींच्या एका इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करताना मी अडलो आहे. पिवळ्या फुलांच्या, एकाच हंगामात उगवून वाळणाऱ्या दोन जवळच्या जाती तिथे शेजारी-शेजारी दिल्या आहेत : सेना टोरा आणि सेना ऑब्ट्यूसिफोलिया. मी पहिलीला तरोटा आणि दुसरीला टाकळा म्हटले. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात शेरा मारला, ‘एकाच बाईला माहेरच्या आणि सासरच्या नावाने दोनदा मोजले आहे.’ बोलींमधले समानार्थी शब्द अशा रीतीने दोन जातींत वाटून देता येतात का?

गोकुळपेठकर
अजिबात नाही. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला जो उगवतो तो तरोटा, आणि त्याची कोवळी पाने खुडून, लसणाची फोडणी देऊन केली जाते ती तरोट्याची भाजी. पुस्तिका नागपूरची असेल, तर टाकळा हा शब्द तिच्यात आलाच कुठून?

मूळची रत्नागिरीची
तो माझ्यासारख्यांबरोबर आला, असे समजा. लग्नानंतर इथल्या बाजारात मी टाकळा मागितला, तेव्हा भाजीवालीने मान हलवली आणि मी बोट दाखवल्यावर म्हणाली, ‘हा तं तरोटा आहे, बाई.’ जुडी तीच होती, वासही तोच. त्यामुळे तपासणाऱ्या बाईंचे म्हणणे मला पटते.

शेंगनिरीक्षक
जुडी तीच होती हे कशावरून? या दोन्ही जातींना वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेच 1753 मध्ये वेगवेगळी नावे दिली, पण पुढे अनेक अभ्यासकांनी दुसरी पहिलीतच जमा केली, म्हणून जुन्या पुस्तकांतला ‘टोरा’ नेमका कोणता हे सांगणे कठीण होते. दोन्हींच्या पानांत पर्णिकांच्या (पानाच्या छोट्या भागांच्या) साधारण तीन जोड्या असतात आणि त्या रात्री मिटतात, त्यामुळे एवढ्यावरून काही कळत नाही. टोराच्या पानात सहसा खालच्या दोन्ही जोड्यांच्या मध्ये एकेक बारीक ग्रंथी असते, तर ऑब्ट्यूसिफोलियात ती फक्त सर्वांत खालच्या जोडीत असते. टोराच्या शेंगेचा देठ आखूड असतो, दुसरीचा बराच लांब. सर्वांत खात्रीची खूण बियांवर सापडते : बीच्या बाजूवरचा फिकट पट्टा टोरात रुंद असतो आणि दुसऱ्या जातीत रेघेसारखा अरुंद. भाजी खुडणाऱ्याला यांतले शेंग आणि बी दिसण्याचा प्रश्नच नाही.

शुद्धमती
म्हणूनच बोलीतल्या नावांच्या नादी लागू नये. संस्कृतात चक्रमर्द हा स्वच्छ शब्द आहे; चक्र म्हणजे गजकर्ण, त्याचे मर्दन करणारा. त्याचेच दुसरे नाव दद्रुघ्न. याच घराण्यातल्या कासमर्दाचा मराठीत कासविंदा झाला. तेव्हा चक्रमर्द आणि लघुचक्रमर्द अशी जोडी करावी. टाकळा हाही चक्रमर्दाचाच अपभ्रंश असणार.

मूळची रत्नागिरीची
हिंदीतला चकवड चक्रमर्दापासून आला हे मानता येईल, पण टाकळा कसा? गोव्याकडे तायकिळो म्हणतात, त्यात चक्र कुठे बसवणार? शिवाय, दोन्ही झाडे कमरेएवढी वाढत असताना ‘लघु’ कोणाला म्हणायचे?

गोकुळपेठकर
लिनियसचा ‘टोरा’ हा आमचा तरोटाच आहे, असे माझे जुने मत आहे. कानांनाच ऐकू येते.

शेंगनिरीक्षक
कानांवर जाऊ नका. सिंहलीत या झाडाला पेति-तोरा म्हणतात, आणि श्रीलंकेच्या वनस्पतींवर लिनियसने 1747 मध्येच ग्रंथ लिहिला होता. तरोटा मला तरवडाच्या जवळचा वाटतो. तेही पिवळ्या फुलांचे, याच घराण्यातले, मात्र बहुवर्षायू झुडूप आहे. (हीसुद्धा माझी आवडती समजूतच आहे, पुरावा नव्हे.)

गोकुळपेठकर
म्हणजे तुमची समजूत ती व्युत्पत्ती आणि आमची ती कानांची चूक!

शुद्धमती
प्रमाण भाषेत एका वस्तूला एकच नाव असावे, एवढाच माझा आग्रह आहे.

मूळची रत्नागिरीची
वस्तू एक की दोन, यावरूनच तर हा वाद सुरू झाला. व्यापाऱ्यांनी तो केव्हाच मिटवला आहे. कॅसिया गम नावाचा डिंक दोन्ही जातींच्या बियांपासून निघतो आणि एकाच नावाने विकला जातो.

भाषांतरकार
पुस्तिकेचे छायाचित्र मी आता भिंगाखाली पाहिले. त्यात फुले आहेत, पाने आहेत, शेंग एकही नाही. खालच्या जोडीतली ग्रंथी दिसते, पण तिच्या वरच्या जोडीवर नेमके एक पान आडवे आले आहे. मजकूर भाद्रपदात छपाईला जायचा आहे आणि बी तर दिवाळीच्या सुमारास पिकते. तूर्त ‘तरोटा’ आणि ‘तरोट्याची दुसरी जात’ असे लिहून ठेवले आहे. तपासणाऱ्या बाईंनी अजून काही कळवलेले नाही.